गंधकाची देवघेव

गंधक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? दिवाळीतील फटाक्यांचा धूर, आगपेटीची काडी ओढताच क्षणभर नाकाला झोंबणारा तो दर्प, वज्रेश्वरीच्या कुंडातील ऊन पाणी आणि फार झाले तर वैद्यबुवांच्या पेटीतील गंधक रसायनाची पुडी. परंतु हेच द्रव्य रोज आपल्या ताटात असते, ताटातून ते अंगात जाते आणि अंगात गेल्यावर एका हातातून दुसऱ्या हातात असे फिरत राहते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या देहात सुमारे १४० ग्रॅम गंधक असते. समईवर वाकताना बटेचे चार केस होरपळले की जो उग्र वास घरभर पसरतो, त्यात या गंधकाचाच मोठा वाटा असतो.

या देवघेवीत जे अनेक मध्यस्थ आहेत त्यांतील एकाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. त्याचे नाव सिस्टॅथायोनीन बीटा-सिंथेज. नाव उच्चारताना जीभ अडखळते हे खरे. पण ज्या वस्तीत आम्ही राहतो तिचे ‘रामकृष्णपुरम्’ हे सुरेख नाव टाकून सारी दिल्ली तिला ‘आर. के. पुरम’ म्हणते, तेव्हा आम्हीही या मध्यस्थाला त्याच्या आद्याक्षरांनी ‘सीबीएस’ म्हणू. हे एक विकर आहे. रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि ती घडल्यावर स्वतः जसेच्या तसे उरणारे जे प्रथिन, त्याला विकर किंवा एंझाइम म्हणतात. लग्न जुळवून पुन्हा दुसऱ्या स्थळाच्या मागे लागणारे मध्यस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. हा त्यांच्याच जातीचा.

आपल्या अन्नातील प्रथिने वीस प्रकारच्या अ‍ॅमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी दोघांपाशीच गंधक असते: मेथायोनीन आणि सिस्टीन. मेथायोनीन शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. सिस्टीन मात्र शरीर घडवू शकते; अट इतकीच की मेथायोनीनने आपल्याजवळचे गंधक त्याच्या स्वाधीन केले पाहिजे. मेथायोनीन आधी आपला एक लहानसा अंश, ज्याला मेथिल गट म्हणतात तो, देहाच्या शेकडो कामांसाठी देऊन टाकते. तो दिल्यावर जे उरते ते होमोसिस्टीन. हे होमोसिस्टीन एका तिठ्यावर येऊन उभे राहते. मेथिल गट परत मिळाला तर ते पुन्हा मेथायोनीन होते, आणि या वाटेवर बी-१२ हे जीवनसत्त्व व फोलेट असे दोघे सोबती लागतात. दुसरी वाट सीबीएसची. हे विकर होमोसिस्टीनची सांगड सेरीन नावाच्या दुसऱ्या अ‍ॅमिनो आम्लाशी घालते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि सिस्टॅथायोनीन हा जोडरेणू तयार होतो. मग दुसरे एक विकर हा जोड तोडते, पण जिथे तो जुळला तिथे नव्हे, तर गंधकाच्या पलीकडच्या बाजूने. गंधक सेरीनच्या सांगाड्याकडे राहते आणि त्याचे सिस्टीन होते. मनुष्याच्या देहात ही वाट एकेरी आहे. एकदा सासरी गेलेले गंधक पुन्हा माहेरी येत नाही.

सिस्टीन हाती आले की शरीराला काय काय करता येते, याची यादी लांबलचक होईल. केस आणि नखे त्याच्या गंधकाच्या गाठींनी घट्ट होतात, इन्शुलिनच्या रेणूचा आकार अशाच तीन गाठींनी टिकून राहतो आणि पेशींना झिजेपासून जपणारे ग्लुटाथायोनही त्यातूनच बनते. शिवाय आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. नासक्या अंड्याला ज्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू आपल्या मेंदूत अत्यल्प प्रमाणात तयार होत असतो आणि तो घडविणाऱ्यांत हेच सीबीएस आहे, असे जपानी संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले. ज्या घरात अंडे हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला जातो, त्या घरातील सोवळ्या मस्तकांतही हा उद्योग अखंड चाललेला असतो. आमच्या घरी ही माहिती आम्ही अद्याप सांगितलेली नाही.

या गंधकवाल्या कुळाचा शोध फार सावकाश लागला. १८१० साली वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मूत्राशयातील एका खड्यात एक नवे द्रव्य पाहिले. सिस्टीनचे जोडरूप असलेले सिस्टीन-द्वय ते हेच. मेथायोनीन सापडण्यास मात्र आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९२२ साली म्यूलरने ते दुधातील केसीन या प्रथिनातून वेगळे केले. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो याने मेथायोनीन तीव्र गंधकाम्लात तापवून होमोसिस्टीन मिळविले, आणि गंधक एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते याचा माग त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी काढला. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते गंधकयुक्त द्रव्यांवरील कामाबद्दलच.

तोवर हा सारा प्रयोगशाळेतील मामला होता. १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये मंदबुद्धी मुलांची पाहणी करताना कार्सन आणि नील यांना काही मुलांच्या लघवीत होमोसिस्टीनचे जोडरूप आढळले. त्याच सुमारास अमेरिकेतही असेच रुग्ण सापडले. उंच, सडपातळ बांधा, लांब बोटे, डोळ्यातील भिंग जागचे सरकलेले आणि कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या, अशी ही व्याधी. १९६४ साली मड व त्याच्या सहकाऱ्यांनी तिचे मूळ दाखविले: या मुलांत सीबीएस हे विकर काम करीत नव्हते. पुढे असे दिसले की यांतील निम्म्याच्या आसपास रुग्णांना बी-६ हे जीवनसत्त्व भरपूर दिले की उतार पडतो, कारण बी-६ हा या विकराचा मदतनीस आहे. मध्यस्थ मुळात दुबळा असला तरी हाताशी चांगला मदतनीस दिला की तो कसेबसे काम रेटतो. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना हे शास्त्र चटकन समजते.

तथापि अशी मुले विरळा. ज्यांचे विकर जन्मतः धडधाकट असते अशा तुम्हाआम्हांला या हकिकतीशी काय कर्तव्य? आम्हांलाही बरीच वर्षे असेच वाटत होते.

आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना तिथला जिना ठाऊक असेल. एका जिन्यावर समोरासमोर दारे आणि प्रत्येक दारातून निराळ्या प्रांताचा वास. आमच्या जिन्यात खाली बंगाली कुटुंब होते. त्यांच्याकडे रविवारी मासळी तळली जाई. समोर पंजाबी, त्यांच्याकडे पराठे, पनीर आणि मोठाल्या पेल्यांतून लस्सी. वर तमिळ गृहस्थ. पहाटे टेकडीवरच्या मलै मंदिरात जाऊन आल्यावर त्यांची कॉफी होई आणि दुपारी दहीभात. आणि आमच्याकडे वरणभात, पोळी, भाजी, कोशिंबीर व उपवासाच्या दिवशी साबूदाणा. मासळीच्या वासाने आमच्या आईचे कपाळ आठ्यांनी भरून जाई. तिने तोंडाने कधी एक शब्द काढला नाही, परंतु रविवारी जिन्याकडची खिडकी बंद असे. आपले अन्न अधिक शुद्ध आहे, आणि शुद्ध आहे म्हणून ते अधिक सकस आहे, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. आम्हांलाही नव्हती.

या शुद्धतेचा हिशेब पुण्याने मांडला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. त्यांतील काही खेड्यांतले, काही शहरातील झोपडपट्टीतले, काही सुस्थित मध्यमवर्गातले. २००६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे: शेकडा ६७ जणांत बी-१२ कमी होते आणि शेकडा ५८ जणांत होमोसिस्टीन वाढलेले होते. सर्वांत वाईट अवस्था मध्यमवर्गाची. तिथे शेकडा ८१ जणांत बी-१२ अपुरे आणि शेकडा ७९ जणांत होमोसिस्टीन अधिक! झोपडीतला माणूस या एका बाबतीत बंगल्यातल्या माणसापेक्षा सुखी ठरला. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही: शाकाहारी माणसात बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून अधिक होता. दिल्लीतील जीनोमिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही २००९ साली बी-१२ ची उणीव आणि हृदयाच्या रोहिण्यांचा विकार यांचा संबंध भारतीय रुग्णांत दाखविला आहे.

बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, आणि कोणताही प्राणीही नाही. ते करतात फक्त सूक्ष्म जंतू. गाईच्या पोटातील जंतू ते करतात, तिथून ते दुधात उतरते. मासळीत, मांसात, अंड्यात ते साठते. डाळीत, तांदळात, पालेभाजीत त्याचा मागमूस नसतो. दूध हाच काय तो शाकाहारी माणसाचा आधार, आणि शंभर मिलिलिटर दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही थोडे कमी असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे रोजचे अर्धा लिटर तरी दूध हवे. दिल्ली दुग्ध योजना १९५९ साली सुरू झाली. तिच्या बाटल्या घेऊन घरी येणारी मंडळी आम्हांला आठवतात. पण त्या बाटल्यांतील दूध जाई चहात, मुलांच्या पेल्यात, नैवेद्याच्या वाटीत आणि विरजणात. घरच्या बाईच्या वाट्याला काय उरे ते ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावे. त्यात दूध दोन-तीनदा खळखळून उकळण्याची आपली रीत, आणि उकळण्याने बी-१२ चा काही भाग नष्ट होतो तो निराळाच.

बी-१२ नसले म्हणजे तिठ्यावरची पहिली वाट अडते हे उघड आहे. पण मौज अशी की त्यामुळे सीबीएसची वाटही नीट चालत नाही. मेथायोनीनपासून बनणारे एक द्रव्य या विकराला सतत ढोसत असते, ‘चल, काम कर’ म्हणून. पहिली वाट अडली की ते द्रव्य कमी पडते, ढोसणारा कोणी उरत नाही आणि विकर सुस्तावते. दोन्ही दारे अर्धवट मिटलेली आणि मध्ये होमोसिस्टीन तिष्ठत उभे. रक्तातील त्याचा आकडा चढतो तो असा. डाळ-भात-बटाट्यातून बी-६ मिळत असूनही ज्याचा मध्यस्थ असा बसून राहतो, त्याला आपल्या घरात काय बिघडले आहे हे कित्येक वर्षे कळतही नाही.

या दुसऱ्या सोबत्याची, फोलेटची, कथा तर आपल्याच मुंबईतली आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली ती गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणारा रक्तक्षय का होतो हे पाहण्यासाठी. यीस्टच्या अर्कापासून केलेले मार्माइट दिले की या बायांचे रक्त सुधारते, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलेट. परळच्या चाळींतील त्या बायांची नावे कोणास माहीत नाहीत, पण जगातील प्रत्येक गरोदर स्त्रीला आज जी गोळी मिळते तिची सुरुवात त्यांच्या रक्ताच्या थेंबांपासून झाली आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली याज्ञिकांनी मातांची जी दीर्घ पाहणी आरंभिली, तिने या हकिकतीत एक काळजी वाढवणारी भर घातली. ज्या मातांच्या रक्तात फोलेट पुष्कळ पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिन दाद न देण्याची खूण अधिक दिसली. दोन सोबत्यांपैकी एकालाच खाऊपिऊ घालून भागत नाही.

इथे एका विदुषीचे स्मरण होते. कमला सोहोनी. केंब्रिजहून १९३९ साली पदवी घेऊन परतल्यावर त्या दिल्लीच्याच लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख म्हणून आल्या होत्या. दुर्गा भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. डाळींतील प्रथिने, नीरेतील जीवनसत्त्वे, गरिबाला परवडेल असे पौष्टिक अन्न, हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. १९९८ साली त्यांचा अंत झाला तोही दिल्लीतच. त्या इथे शिकवीत होत्या तेव्हा बी-१२ हे नावही जन्मास आले नव्हते. ते शुद्ध रूपात मिळाले १९४८ मध्ये. तरी अन्नाकडे सोवळ्याओवळ्याच्या नव्हे तर घटकांच्या दृष्टीने पाहावे, हे मराठी गृहिणीला मराठीत सांगणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत त्यांची गणना करावी लागेल. वरणाबरोबर भात का, याचे उत्तर त्या दृष्टीने सोपे आहे: डाळीत मेथायोनीन कमी, तांदळात ते बऱ्यापैकी, आणि तांदळात जे लायसीन कमी ते डाळीत भरपूर. आमच्या पूर्वजांनी गंधकाची तोंडमिळवणी नकळत केली होती. ती अपुरी राहिली ती एका जंतुजन्य कणापाशी.

आता वाचकांस वाटेल की रक्तातील होमोसिस्टीन उतरविले म्हणजे हृदयविकार टळला. एके काळी पुष्कळांना तसे वाटत होते. किल्मर मॅकली या अमेरिकन वैद्याने १९६९ साली निराळ्या दोषांमुळे होमोसिस्टीन वाढलेल्या मुलांच्या रोहिण्या पाहिल्या, त्या म्हाताऱ्यांच्या रोहिण्यांसारख्या जाड झालेल्या होत्या. त्यावरून त्याने हे द्रव्यच अपराधी ठरविले. बरीच वर्षे कोणी त्याचे ऐकले नाही, कारण कोलेस्टेरॉलचा बोलबाला होता. मग ऐकले ते इतके की मोठमोठ्या चाचण्या झाल्या. २००६ साली साडेपाच हजार रुग्णांवरील एका चाचणीत फोलेट, बी-६ आणि बी-१२ देऊन होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघात मात्र सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले. आमचे वडील पक्षाघातानेच गेले, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना. त्यांच्या रक्तातील होमोसिस्टीन कोणी मोजले नव्हते. तेव्हा ते मोजण्याची सोयही साध्या रुग्णालयात नव्हती. त्यांच्या मृत्यूचा बोल या द्रव्यावर ठेवण्याइतके आम्ही उतावीळ नाही. पण त्यांनी जन्मात विडी ओढली नाही, आणि त्यांच्या ताटात कधी अंडे पडले नाही, एवढी नोंद करून ठेवतो.

मज्जातंतूंची गोष्ट अशी वादग्रस्त नाही. बी-१२ च्या अभावी मज्जातंतूंवरील आवरण झिजते, पाय बधिर होतात, तोल जातो, विसर पडतो, आणि उशीर झाला तर ते सारे परत येत नाही. आमच्या आईच्या बाबतीत आधी तिच्या सपाता हरवू लागल्या. म्हणजे त्या हरवत नसत. चालता चालता पायातून निघून मागे राहत आणि तिला ते कळत नसे. वयोमानाने होते असे, हे जिन्यातल्या सर्वांनी सांगितले, एका डॉक्टरनेही सांगितले. दुसऱ्याने रक्त तपासावयास धाडले. होमोसिस्टीनची मर्यादा १५, तिचा आकडा ४१. बी-१२ इतके कमी की यंत्राने आकडा न देता ‘याहून कमी’ एवढेच लिहून दिले होते.

डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली. आम्हांला वाटले आता खरा प्रसंग. तिचे वय ऐंशीच्या घरात, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, आणि औषध कशाचे बनते हे विचारल्याशिवाय ती कॅप्सूलही गिळत नसे.

“हे कशापासून करतात रे?” तिने विचारलेच.

“जंतूंपासून, आई. मोठ्या टाक्यांत जंतू वाढवतात, त्यांच्याकडून ते मिळते.”

“जनावर नाही ना त्यात?”

“नाही.”

ती थोडा वेळ विचार करीत बसली. “म्हणजे विरजणासारखेच की,” असे म्हणून तिने पदर सावरून दंड पुढे केला.

दह्याच्या जंतूंना हे जीवनसत्त्व नीटसे साधत नाही, ही शास्त्रीय शंका त्या क्षणी आम्ही गिळून टाकली. पहिला आठवडा रोज एक, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. कालनिर्णयावर एकादशीच्या शेजारी ती स्वतः ‘सुई’ असे लिहून ठेवू लागली. सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले तेव्हा आकडा १३ वर आला होता. पायांना मात्र आकड्यांची घाई नव्हती. डाव्या पायाच्या दोन बोटांत अजूनही काही कळत नाही म्हणते. पण त्या वर्षी मार्गशीर्षात, दिल्लीची थंडी हाडांत शिरू लागली तेव्हा, एके सकाळी स्नानघरातून बाहेर पडताना ती दारातच थांबली आणि सुनेला हाक मारून म्हणाली, “अगं, फरशी किती गार आहे ही!”